बोहारणीला न दिलेला ब्लाउज

मेलेल्या बाईचा हेवा करू नये. जिवंत सवत असली तर तिच्या दारात उभं राहून चार शिव्या हासडता येतात. ती म्हातारी झाली, तिचे दात पडले, सुनेशी तिचं पटत नाही, असं काहीबाही कानावर येतं आणि जीव गार होतो. शालू मेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तेवीस वर्षं झाली तरी ती सव्वीसचीच आहे आणि मी साठीला टेकले.

ती उचगावात ब्लाउज शिवायची. आमच्या पोलीस लाईनीतल्या निम्म्या बायकांची मापं तिच्याकडं होती. २००२ सालच्या मे महिन्यात, ऐन लगीनसराईत, भरदुपारी कुणीतरी तिला तिच्याच दुकानात तिच्याच कात्रीनं मारलं. खुनी काही सापडला नाही. आमचे हे, हंबीरराव चौगुले, तेव्हा तिथल्या ठाण्यात हवालदार होते आणि सायबांचे रायटर, म्हणजे तपासाची सगळी लिखापढी ह्यांच्या हातची. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला हे मोटारसायकल काढून मुरगूडला जातात, शालूच्या आईला भेटायला. कधी साडी नेतात, कधी औषधं. माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला हे एकदाच आले होते, आणि तेही पंगत बसल्यावर.

हेवा काही खुनानंतर सुरू झाला नाही, त्याआधीपासूनच होता. दळण आणा म्हटलं की ह्यांची पाठ धरायची, पण शालूकडून माझे ब्लाउज आणायला हे न सांगता जायचे. येताना चेहरा कसा फुललेला. "काय हाताला सफाई हाय त्या पोरीच्या," असं म्हणत घरात शिरायचे. माझ्या हातच्या रश्श्याला सगळी लाईन नावाजायची, पण ह्यांच्या तोंडून कधी 'बरा झालाय' एवढं निघालं नाही. मी एकदा दोनदा बोलून दाखवलं. तर म्हणाले, "तुला कशातबी काळंच दिसतं." झालं, विषय संपला.

त्या दिवशी संध्याकाळी हे घरी आले ते काखेत वर्तमानपत्राचं पुडकं घेऊन. आत माझा मोरपंखी ब्लाउज होता. चार दिवसांवर माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं आणि मी महिनाभर त्या ब्लाउजसाठी ह्यांच्या मागं लागले होते. खून झाल्याचं कळल्यावर दुकानात पहिल्यांदा पोचले ते हेच. फौजदार यायच्या आत ह्यांनी शिवणयंत्रावरचा ब्लाउज उचलला आणि पुडकं करून गाडीच्या डिकीत टाकलं.

"एकदा पंचनाम्यात लिहिला असता न्हवं, तर मुद्देमालात पडला असता," हे म्हणाले. "तुझ्या नातीनं घातला असता मग."

पोलिसाला असं करता येत नाही हे मलाही कळत होतं. पण बायकोच्या तोंडाला भिऊन केलं, असंच मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. हे आंघोळीला गेले तेव्हा मी पुडकं सोडलं. ब्लाउज आतून उलटा केला तर पाठीच्या अस्तरावर रुपयाएवढा तपकिरी डाग आणि खाली दोन बोटं पुसल्यासारख्या रेघा. शिवणारीचं रक्त असणार म्हणून अंगावर काटा आला. तेवढ्यात हे टॉवेल लावून बाहेर आले. ह्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती.

"काय झालं?"

"शटरचा पत्रा लागला."

एवढंच बोलले, आणि माझ्या मनात जो किडा शिरला तो कायमचा. डाग मी ह्यांना दाखवला नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की मेलेल्या बाईच्या हातचं लग्नात नको, अपशकुन होतो, बोहारणीला देऊन टाकला. हे फक्त "बरं केलंस" म्हणाले. ब्लाउज मात्र वर्तमानपत्रात तसाच गुंडाळून माझ्या ट्रंकेच्या तळाशी गेला. का ठेवला? कधी भांडण हातघाईवर आलं तर तोंडावर फेकायला. ह्यांचं आणि तिचं काहीतरी होतं आणि ते काहीतरी बिघडलं, असं मी स्वतःशीच रचलं होतं. कधी वाटायचं की ह्यांनीच तिला मारलं. कधी वाटायचं, छे, हा माणूस कोंबडी कापताना तोंड फिरवतो. पण ह्यांनी तिला मारलं असेल ह्यापेक्षा ह्यांचा तिच्यावर जीव होता, हेच मला जास्त झोंबायचं. देवाशपथ सांगते.

तर गेल्या डिसेंबरात इरावती सबनीस नावाची मुलगी आमच्या दारात आली. तीस-बत्तिशीची, हेल्मेट हातात, केस बॉयकट. न उलगडलेल्या खुनांच्या जुन्या फायली पोलिसांनी पुन्हा उघडल्या होत्या, आणि त्यातलं रक्त, केस, कापड तपासायचं काम तिच्या प्रयोगशाळेकडं होतं. शालूच्या फायलीवर रायटर म्हणून ह्यांचं नाव वाचून ती पत्ता काढत आली होती. ह्यांना तर पोरीला कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं. कपाटातली जुनी डायरी निघाली. डायरीत संशयितांची चार नावं होती आणि कव्हराच्या खिशात शालूचा फोटो. तो फोटो तिथं आहे हे मला ठाऊक होतं. दर दिवाळीला कपाट मीच आवरते.

"काका, तुमच्या वेळेला माणूस ओळखायला बऱ्यापैकी ताजं रक्त लागायचं," इरावती सांगत होती. "आता टाचणीच्या टोकावर मावेल एवढं जुनं रक्तसुद्धा पुरतं. दोन माणसांचं मिसळलेलं असलं तरी ओळखता येतं. पण तपासायला काही उरलंच नाही. मुद्देमाल ज्या खोलीत होता तिथं एकोणीसच्या महापुरात छताला पाणी लागलं होतं. कात्री, साडी, सगळ्याचा चिखल झाला."

मी चहा गाळत होते. सोप्यातून मला ह्यांचा आवाज ऐकू आला, भरून आलेला.

"एक चिंधी जरी मिळाली असती न्हवं, तर जीव ओवाळून टाकला असता मी त्या पोरीवरनं."

गाळणी माझ्या हातातून सुटली आणि चहा ओट्यावर सांडला. माझ्या दोन्ही बाळंतपणांत ह्या माणसानं कधी रजा टाकली नाही. आणि आज त्या मेलेलीवरून जीव ओवाळायला निघाला होता.

दुपारी हे झोपल्यावर मी ट्रंक उघडली. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, ब्लाउजचा रंग मात्र जसाच्या तसा. मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. डाग ह्यांचा निघाला तर ह्या वयात ह्यांना बेड्या पडणार. पुण्यातला आमचा विश्वजित तोंड कुठं लपवणार, नातवंडांना शाळेत काय काय ऐकावं लागणार. सगळं समोर दिसत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळात जाते असं सांगून मी रिक्षा केली आणि प्रयोगशाळेत गेले. न्याय, सत्य वगैरे काही माझ्या मनात नव्हतं. एकदाचा निकाल लागू दे, हा माणूस तिचा होता की माझा, एवढंच होतं.

इरावतीनं पुडकं लगेच उघडलं नाही. हातमोजे घालून ते एका कागदी पाकिटात ठेवलं आणि मला खुर्ची दिली.

"काकू, हा कधी धुतला?"

"कधीच न्हाय."

"प्लास्टिकमध्ये ठेवला होता कधी?"

"न्हाय. ह्याच कागदात, तवापासनं."

"प्लास्टिकमध्ये कोंडला असता तर दमटपणानं सगळं कुजलं असतं," ती म्हणाली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "काकांना माहीत आहे?"

"न्हाय. त्यांचं बी रक्त तपासा तुम्ही."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. बहुतेक सगळं कळलं तिला. शांतपणे म्हणाली, "तपासायलाच लागेल, तुमचं पण. कापडाला ज्यांचे ज्यांचे हात लागले त्यांना आधी बाजूला काढावं लागतं."

ह्यांना तिथंच बोलावून घेतलं. हे शर्टाची बटणं लावत लावत, हसतमुखानं आले. टेबलावर पांढऱ्या कागदावर पसरलेला मोरपंखी ब्लाउज दिसला आणि हे होते तिथंच थांबले. डाग वरच्या बाजूला होता.

"हा बोहारणीला दिलातास न्हवं?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"डाग तवा बघितलातास?"

"व्हय."

 ह्यांनी खुर्चीवर बसून तोंड उघडलं, आणि तिथल्या बाईनं गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. मी ह्यांचे हात बघत होते. थरथरत नव्हते. मग ह्यांनी इरावतीकडून कागद मागून घेतला आणि तिथंच बसून सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, की पंचनाम्याआधी घटनास्थळावरून ही वस्तू मी स्वतः उचलली, आणि चौकशी होईल ती मला मान्य आहे. परत येताना रिक्षात आम्ही दोघं दोन कडांना बसलो होतो.

त्यानंतर तीन महिने ह्यांनी माझ्याशी भाषण केलं नाही. जेवायला वाढलं की जेवायचे आणि ताट उचलून मोरीत ठेवायचे. इरावतीचा फोन आला की मात्र अंगणात फेऱ्या मारत तास तास बोलायचे. डायरीतल्या चार नावांपैकी कोण कुठं राहतो, कुणाचं काय झालं, सगळं सांगायचे. मी खिडकीआडून ऐकायचे. आता मला दोघींचा हेवा वाटायला लागला, मेलेलीचा आणि ह्या बॉयकटवालीचा.

एक दिवस मला राहवलं नाही. हे मोटारसायकल पुसत होते, तिथं जाऊन उभी राहिले.

"तुमचं आन तिचं काय हुतं?"

हे पुसायचे थांबले नाहीत. मला वाटलं आताही उत्तर मिळायचं नाही.

"आवडायची मला," हे म्हणाले. "बोलायची छान. दुकानाच्या पायरीवर बसून पाच मिनटं बोललं की डोकं हलकं व्हायचं. एवढंच. तिला ते कळलं बी नसंल."

"आन मी?"

"तुझ्याशी मी कवा बोललोय का नीट? पण तू विचारायचं हुतंस. तवाच तोंडावर विचारायचं हुतंस, हे रक्त कुणाचं म्हणून." आता त्यांचा आवाज चढला. "मी त्या म्हातारीच्या दारात वीस-बावीस खेपा घातल्या गं. दर खेपंला सांगितलं, आई, हातात काय बी पुरावा न्हाय. आन पुरावा माझ्याच घरात, माझ्या खाटंखाली!"

 आवडायची, हे मात्र मी कानात धरून आत आले. तेवीस वर्षं जे ऐकायला टपले होते ते ऐकलं, आणि ते इतकंसं निघालं. तरी ते जळलंच. नाही असं म्हणणार नाही.

एप्रिलात इरावती आली. हे सोप्यात बसले आणि मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. ती आधी माझ्याकडं बघून म्हणाली, "काकू, काकांचं रक्त त्यावर नाही."

 मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

डाग दोघांचा होता. एक शालूचा, तो मुरगूडच्या आईच्या नमुन्याशी जुळला. दुसरा पुरुषाचा. ह्यांच्या डायरीतले चौघंही हयात होते, चौघांचे नमुने घेतले, आणि तिसऱ्या नावाला जुळला. गुंडू. शालूच्या ब्लाउजांना काज-बटण करून द्यायचा तो. ह्यांनी तेव्हाच डायरीत लिहून ठेवलं होतं: 'गुंडूच्या तळहाताला फडकं. कात्री लागली म्हणतो. लागणारच, धंदाच तो.' त्याच्याविरुद्ध दुसरं काही नव्हतं म्हणून सोडून दिला होता. आता जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान घालून बसला होता. बायको, दोन मुलं, सून, सगळं रीतसर.

"पण का मारलं त्यानं?" मी विचारलं.

"पोलिसांना त्यानंच सांगितलं, तिचं लग्न ठरत होतं. त्याला ते सहन झालं नाही. मत्सर, काकू. बाकी काही नाही." इरावती सहज बोलून गेली. मी पदर तोंडाला लावला. त्या गुंडूला शिव्या घालायला माझी जीभ उचलेना.

ती पुढं बरंच सांगत होती. खटला उभा राहील, तेव्हा समोरचा वकील ह्या ब्लाउजवरच तुटून पडेल. तो इतकी वर्षं कुठं होता, कुणी ठेवला, का ठेवला, हे मला साक्षीला उभं राहून सांगावं लागेल. मी मान डोलावली.

शालू गेल्याची तारीख आली तेव्हा हे मोटारसायकल काढायला लागले. मी साडी बदलून बाहेर आले. ह्यांनी मागच्या सीटवरची धूळ तेवढी फडक्यानं झटकली. मुरगूडपर्यंत मी ह्यांच्या खांद्याला हात लावला नाही, मागची लोखंडी कडी धरून बसले.

शालूची आई, विठाबाई, ऐंशीच्या पुढची. अंगणात शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण गाडीच्या आवाजावरून तिनं ओळखलं.

"आलात व्हय हवालदार? आन ह्या कोण?"

"घरची मंडळी," हे म्हणाले.

गुंडूला पकडल्याचं तिला पोलिसांनी कळवलं होतं. तिनं पुन्हा सगळं ह्यांच्या तोंडून ऐकलं, मान हलवत. मग विचारलं, "आन एवढ्या वरसांनी ते रगात मिळालं कुठं?"

"एका घरात हुतं, आई," हे घाईनं म्हणाले. "कुणाच्यातरी ट्रंकेत. त्यांना बिचाऱ्यांना म्हाईत नव्हतं."

हे माझ्याकडं बघत नव्हते. तीन महिने ज्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही, तो माणूस माझ्यासाठी त्या म्हातारीशी खोटं बोलत होता. मी पुढं सरकून म्हातारीसमोर जमिनीवर बसले.

"माझ्या ट्रंकेत हुतं. डाग दिसलाता मला. मुद्दाम ठेवला मी."

शेंग फोडता फोडता तिचा हात थांबला. "का गं बाई?"

"मला वाटलं, तुमच्या पोरीनं माझा नवरा नेला. जळत हुते मी तिच्यावर. आज बी जळतीया."

हे उठले, अंगणाच्या कडेला गेले आणि पाठ करून उभे राहिले. म्हातारीनं हातातली शेंग सुपात टाकली. मला वाटलं, आता ही सूप माझ्या अंगावर फेकणार. फेकलं असतं तर बरं झालं असतं.

"मोरपंखी झंपर हुता का?" तिनं विचारलं.

"व्हय. तुम्हाला कसं म्हाईत?"

"त्या दिवशी तिला बघाय पावणं यायचं हुतं हितं. सकाळच्या गाडीनं ये म्हणून सांगावा धाडलाता मी. तर फोन आला वाण्याच्या घरी. म्हणली, आये, सांच्याला येतो. एका हवालदाराच्या बायकोचा मोरपंखी झंपर ऱ्हायलाय, तिच्या भावाचं लगीन हाय. ती बाई रोज नवऱ्याला धाडाय लागलीया, एवढा हातावेगळा करून येतो."

 म्हातारीनं चाचपडत माझा हात शोधला, मनगटापासून वर कोपरापर्यंत बोटं फिरवली, माप घेतल्यासारखी.

"नीट बसलाता का अंगात?"

"मी कधी घातलाच न्हाय, आई."

"घालून बघायचा हुतास," ती म्हणाली. "लई चांगलं शिवायची माझी पोरगी."